वाचक विचारतात : लोकलने जावं की गाडी काढावी?

या वेळी रोजच्या नोकरीच्या प्रवासाबद्दलची पत्रं घेतली आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच आहे: लोकलची गर्दी सोसवत नाही आणि गाडी परवडत नाही. उत्तरं देताना आम्ही प्रवास घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत मोजला आहे. लोकलमधली पन्नास मिनिटं सगळ्यांच्या लक्षात राहतात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस ही दोन टोकं मात्र हिशेबातून सुटतात, आणि बहुतेकांची निवड खरं तर तिथेच ठरते. भाडी आणि टोल लिहितेवेळच्या दराने दिले आहेत. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं आहे.

प्रश्न : मी घोडबंदर रोडवर मानपाड्याला राहतो, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) आहे. सध्या रिक्षाने ठाणे स्टेशन, लोकलने कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा असा प्रवास करतो. हप्त्यावर छोटी कार घ्यायचं मनात आहे. टोल माफ झालाय, बीकेसी कनेक्टरही आहे. तासाभरात पोचेन असं वाटतं. हा हिशेब बरोबर आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तासाभरात पोचाल असे दिवस मिळतील, पण त्यांच्यावर हिशेब बांधू नका.

आधी पैशांचं बघू. मानपाडा ते बीकेसी रस्त्याने साधारण २८ किलोमीटर. जाऊन-येऊन ५६, महिन्याचे २२ दिवस धरले तर १,२३२ किलोमीटर. कंपनीने सांगितलेलं मायलेज विसरा. थांबत-थांबत, एसी लावून चालणारी छोटी पेट्रोल गाडी लिटरला १२ किलोमीटर दिली तरी बरी म्हणायची. म्हणजे जवळपास १०३ लिटर, सुमारे १०,७०० रुपये. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता येतो १२,४५० रुपयांच्या घरात. झाले २३ हजार. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंग धरलेलं नाही. असा प्रवास वर्षाला जवळजवळ १५ हजार किलोमीटर होतो, म्हणजे दर १० हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग वर्षातून एकदा नक्की आणि एखाद्या वर्षी दोनदा. क्लच तर मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीपेक्षा बराच लवकर जातो, कारण अर्धा दाबलेला क्लच धरून पुढे सरकायची सवय प्रत्येकाला लागते.

लोकलकडे बघा. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास २१५ रुपये, पहिल्या वर्गाचा ७५५. कुर्ल्यापर्यंतचा त्याहून कमी. पुढे बेस्टच्या एसी बसचं किमान भाडं १२ रुपये. ४४ फेऱ्यांचे ५२८ होतात. तुमच्या प्रवासात खरा पैसा जातो तो मानपाडा ते ठाणे स्टेशन या पाचेक किलोमीटरवर, कारण तिथे तुम्ही एकट्याने रिक्षा करता. त्या रिक्षाचा महिन्याचा खर्च वेगळा लिहून काढा. पासाच्या कितीतरी पट निघेल.

आता वेळ. कामावर जाणाऱ्याला सरासरी वेळेचा फारसा उपयोग नसतो. दहापैकी आठ दिवस तासात पोचलात आणि दोन दिवस दोन तास लागले, तर साहेबाच्या लक्षात ते दोन दिवस राहतात. मग रोज घरून निघायची वेळ त्या वाईट दिवसांना धरून ठरवावी लागते. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाला, ते चांगलंच झालं. पण कोंडी फक्त टोलच्या खिडकीमुळे होत नव्हती. घोडबंदर रोडवर गुजरातकडून येणारे अवजड ट्रक आहेत, तीन हात नाक्याला शहरातली वाहनं मिसळतात, ऐरोलीकडची वाहनं मुलुंडला महामार्गावर येतात. चुनाभट्टीहून निघणारा बीकेसी कनेक्टर सायनचा फेरा वाचवतो, पण तिथवर पोचेपर्यंत उशीर व्हायचा तो झालेला असतो.

म्हणून गाडी बुक करण्याआधी दहा कामाचे दिवस नोंद ठेवा. वहीत चार रकाने करा: घर सोडलं, लोकल पकडली, लोकलमधून उतरलो, खुर्चीत बसलो. दहा आकड्यांपैकी सगळ्यात वाईट आकडा खोडा आणि त्याच्या अलीकडचा धरा. तोच तुमचा खरा प्रवासाचा वेळ. मग तुमच्याच वेळेला, सोमवार आणि शुक्रवार धरून, चार-पाच वेळा टॅक्सीने जाऊन बघा आणि तसाच आकडा काढा. तुलना या दोन आकड्यांची करायची. टॅक्सीला पैसे जातील, पण पाच वर्षांच्या हप्त्यांपुढे ते काहीच नाहीत.

आमच्या मते तुम्ही दोन टोकं दुरुस्त केलीत तर कारची गरज उरणार नाही. सकाळी रिक्षाऐवजी ठाणे परिवहनची बस किंवा शेअर रिक्षा धरा, नाहीतर स्कूटरने येऊन स्टेशनजवळच्या वाहनतळात ती लावा. तिथे महिन्याचा पास मिळतो का ते आधीच विचारा, कारण सकाळी साडेआठनंतर जागा मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, कुर्ल्याची शेअर रिक्षाची रांग टाळायची असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने चौथं स्थानक मरोळ नाका गाठा, तिथे मेट्रो ३ मध्ये बदला आणि सहाव्या स्थानकावर बीकेसीला उतरा. कुर्ला मार्गापेक्षा खर्च जास्त आणि दोन जिने जास्त, पण वेळ रोज जवळपास तेवढाच लागतो, पाऊस असो वा नसो. घाटकोपरला मेट्रोच्या पुलाकडची गर्दी सकाळी फार असते, त्यामुळे पुलाच्या जिन्याजवळ थांबणारा डबा हेरून ठेवा.

गाडी परवडते ती तीन परिस्थितींत. ऑफिसातले चौघे मिळून जात असाल तर इंधनाचा वाटा माणशी पावणेतीन हजारांच्या आत येतो. शिफ्ट सकाळी सातला सुरू होत असेल तर रस्ता मोकळा मिळतो. किंवा वाटेत मुलाला शाळेत सोडणं, आईला उपचारांना नेणं असं काम रोजचंच असेल. तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही.

प्रश्न : सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दारात लटकायची भीती वाटते. उलटं कल्याणला जाऊन बसून यावं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भीती वाटते ती योग्यच आहे. दारात लटकून जाऊ नका, गाडी चुकली तरी चालेल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात, त्यामुळे डबा आतल्या बाजूला कलतो. शेजारच्या रुळांवरून त्याच वेळी दुसरी गाडी गेली तर दोन दारांमधलं अंतर सरळ मार्गापेक्षा कमी होतं. त्यात पाठीवर सॅक असली की ती माणसापेक्षा वीतभर बाहेर येते. आतल्या माणसाने सॅक पुढे घ्यायची ती दुसऱ्याला त्रास नको म्हणून. दाराजवळच्या माणसाने ती पुढे घ्यायची ती जीव वाचावा म्हणून.

कल्याणला उलटं जाता येतं, पण पास कल्याणपासूनचा हवा. डोंबिवली–सीएसएमटी पासावर डोंबिवली ते कल्याण हा प्रवास विनातिकीट धरला जातो आणि दंड किमान २५० रुपये, शिवाय भाडं. कल्याण–सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ३१५ रुपयांचा आहे, तोच काढा. उलट जाण्याचा फायदा फक्त कल्याणहून सुटणाऱ्या लोकलला होतो. कसारा, कर्जत, बदलापूर, अंबरनाथहून येणाऱ्या गाड्या कल्याणला येतानाच भरलेल्या असतात. वेळापत्रकात ‘कल्याण’ असं सुटण्याचं ठिकाण दिसेल तीच गाडी हेरा. घरून वीस-पंचवीस मिनिटं आधी निघावं लागेल.

त्याआधी दोन सोपे उपाय करून बघा. पहिला, डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल. ती फलाटावर रिकामी लागते. दुसरा, स्लो लोकल. फास्ट आणि स्लोमध्ये सीएसएमटीपर्यंत साधारण पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो. दोन फास्ट सोडून तिसरीत चढण्यात तेवढा वेळ तसाही जातो. स्लोमध्ये लोक सतत उतरत राहतात, त्यामुळे बसायची संधीही जास्त.

चढण्याचंही तंत्र आहे. दाराच्या बरोबर समोर उभं राहिलात तर उतरणारा लोंढा तुम्हाला मागे नेतो. दाराच्या कडेला, डब्याला समांतर उभे राहा. आत शिरल्यावर दाराच्या मधल्या दांड्याला धरून थांबू नका. चढणारे आणि उतरणारे तिथेच एकमेकांवर आदळतात. सरळ दोन बाकांच्या मध्ये जा. तिथे हवा कमी लागते, पण धक्के लागत नाहीत, आणि बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असं विचारून ठेवता येतं. ठाण्याला किंवा घाटकोपरला उतरणारा सापडला की जागा तुमची. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. टेकायला चार बोटं जागा मिळते आणि एक पाय वाटेत ठेवावा लागतो, पण तासभर उभं राहण्यापेक्षा गुडघ्यांना ते बरं.

तुम्हाला ठाण्यालाच उतरायचं असेल तर मात्र आत फार खोल जाऊ नका. ठाण्याला फलाट कोणत्या बाजूला येतो ते पाहून ठेवा आणि दिवा सोडल्यापासून त्या बाजूला सरकायला लागा.

प्रश्न : मला सहावा महिना आहे. वसई ते अंधेरी रोजचा प्रवास. घरचे म्हणतात, लोकल बंद कर आणि कॅबने जा. काय करू? (एक वाचक, वसई)

उत्तर : ताई, प्रवास करावा की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. आम्ही त्यांनी परवानगी दिली आहे असं धरून लिहितो.

गर्भवतींना दिव्यांगांच्या डब्यात प्रवास करायची मुभा आहे, कर्करुग्णांनाही आहे. हे अनेकींना ठाऊक नसतं. डब्यावर आणि फलाटावर चाकाच्या खुर्चीची खूण असते, तिथे उभ्या राहा. डॉक्टरांची फाइल किंवा तिचा फोटो जवळ ठेवा, कोणी हटकलं तर दाखवता येतो. पास नेहमीचाच चालतो.

विरार फास्टचा महिलांचा डबा या दिवसांत नकोच. वसईला त्यात चढताना पोटावर दाब येतो आणि बोरिवलीला उतरणाऱ्यांची रेटारेटी होते. अंधेरीला जाणाऱ्या स्लो गाड्या, त्यातही १५ डब्यांच्या, बघा. बारा डब्यांपेक्षा त्यांत पाव हिस्सा जागा जास्त असते. ऑफिसकडून तासभर उशिरा यायची परवानगी मिळाली तर सगळं सोपं होईल. सकाळी साडेदहानंतर आणि संध्याकाळी साडेचारच्या आत प्रवास बराच सुसह्य असतो.

कॅबचं म्हणाल तर वसईहून महामार्गाला लागून वर्सोव्याच्या खाडीपुलावरून दहिसरला यावं लागतं. तिथे अडकलात तर दीड-दोन तास पाय न हलवता बसावं लागतं, स्वच्छतागृहाची सोय नसते आणि खड्ड्यांचे हादरे वेगळे. त्यामुळे कॅब सरसकट सुरक्षित समजू नका. घ्यायचीच तर सकाळी लवकर घ्या, मागच्या सीटवर बसा, पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडावर येऊ द्या आणि वरचा पट्टा छातीच्या मधून. दुचाकीवर अजिबात बसू नका. आणखी एक: मातृत्व रजेच्या २६ आठवड्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळते. शेवटचे दोन महिने हा प्रवास करायचाच नाही असं ठरवून तारखा आत्ताच कळवा.

गाडीत अडचण आली तर रेल्वेचा १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हे दोन क्रमांक फोनमध्ये असू द्या.

प्रश्न : बोरिवली–चर्चगेट एसी लोकलचा पास काढणं फायद्याचं आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटं जवळपास निम्म्याने उतरली, पासाचे दर मात्र तेव्हा उतरले नाहीत. बोरिवली–चर्चगेट एकेरी तिकीट ९५ रुपये, म्हणजे जाऊन-येऊन १९०. एसीचा मासिक पास दोन हजारांच्या आसपास. महिन्यात बारा-तेरा दिवस किंवा जास्त दोन्ही वेळा एसीनेच जाणार असाल तर पास काढा, त्याहून कमी असेल तर तिकीट.

दरापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. तुमच्या वेळेच्या वीस मिनिटं अलीकडे-पलीकडे निदान दोन एसी गाड्या असतील तरच पास घ्या. एकच असेल आणि ती चुकली, तर एसीचे पैसे भरून साध्या गाडीत उभं राहावं लागतं. एसी पासावर साध्या लोकलच्या पहिल्या वर्गात बसता येतं, एवढा दिलासा आहे. शनिवार-रविवारी काही एसी फेऱ्या साध्या गाडीने चालवतात, हेही धरा. आणि दार अडवू नका. सगळी दारं बंद झाल्याशिवाय ती गाडी हलत नाही. एकाची बॅग अडकली की मागच्या गाड्याही थांबतात.

प्रश्न : उलव्याहून फोर्टला अटल सेतूने गाडी नेतो. टोलचा मासिक पास घ्यावा का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : घेऊ नका. कारला एकेरी २५० रुपये, चोवीस तासांत परतलात तर दोन्हींचे मिळून ३७५. मासिक पास १२,५०० चा. २२ दिवसांचे ३७५ प्रमाणे ८,२५० होतात, २६ दिवस गेलात तरी ९,७५०. पास परवडायला महिन्यात ३३ हून जास्त परतफेऱ्या कराव्या लागतील. विजेच्या कारला २०२५ च्या ऑगस्टपासून तिथे टोलमाफी आहे, गाडी बदलणार असाल तर ते लक्षात घ्या.

सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि वीस मिनिटांत संपतो. वेळ जातो तो शिवडीला उतरल्यावर, पूर्व मुक्त मार्गावरची वाहनं मिसळतात तिथे, आणि मग फोर्टमध्ये पार्किंग शोधण्यात. सेतूवरून नवी मुंबई परिवहन आणि बेस्टच्या एसी बसही जातात. पार्किंगची सोय कंपनीकडून नसेल तर बस आधी करून बघा. उरण मार्गावरची लोकल नोव्हेंबर २०१८ पासून तुमच्याकडेही आहे, पण सीएसएमटीसाठी नेरूळ किंवा बेलापूरला बदलावं लागतं आणि फेऱ्या विरळ आहेत. परतीची शेवटची सोयीची गाडी कोणती ते पाहून मगच त्या मार्गाचा पास काढा.

प्रश्न : मीरा रोडहून बाइकने दक्षिण मुंबईत जाता येईल का? कोस्टल रोडमुळे वेळ वाचेल असं ऐकलं. (एक वाचक, मीरा रोड)

उत्तर : कोस्टल रोड, वांद्रे–वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू, या चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. म्हणजे वाचणारा वेळ तुमच्या वाट्याला येत नाही. पश्चिम द्रुतगती मार्गाने माहीम, दादर करत जावं लागेल. अंधेरीपर्यंत बाइक ठीक, त्यापुढे रोज नेऊ नका. मीरा रोड स्टेशनला बाइक लावून लोकल धरा.

प्रश्न : मेट्रो झाली, कोस्टल रोड झाला, टोलही गेला. तरी लोकलची गर्दी आणि रस्त्यावरची कोंडी, दोन्ही तशीच. असं का? (एक वाचक, दादर)

उत्तर : कारण दोन्हींच्या क्षमतेत फार मोठी तफावत आहे. महामार्गाची एक मार्गिका अगदी सुरळीत वाहत असेल तर तासाला १,८०० ते २,००० गाड्या जातात. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसं. रुळांच्या एका जोडीवरून दर चार मिनिटांनी बारा डब्यांची लोकल गेली, तर तासाला पंधरा गाड्या. गर्दीच्या वेळी एका गाडीत चार हजार धरा, प्रत्यक्षात त्याहून जास्त असतात. झाले साठ हजार. एका लोहमार्गाची जागा घ्यायला वीस मार्गिका लागतील.

आता उलटं बघा. उपनगरी गाड्यांवर रोज ७० लाखांहून अधिक प्रवास होतात. माणशी जाऊन-येऊन दोन प्रवास धरले आणि शंभरातला एकच माणूस गाडीकडे वळला तर सुमारे ३५ हजार माणसं होतात. प्रत्येकाने आपली गाडी काढली आणि एका गाडीला सहा मीटर जागा धरली, तर एकामागे एक लावलेली ती रांग २१० किलोमीटरची होईल. मुंबईहून नाशिक ओलांडून पुढे जाईल. म्हणून नवा रस्ता झाला की थोडे दिवस मोकळा वाटतो, तो मोकळा दिसला की लोकलला कंटाळलेले लोक गाडी काढतात आणि रस्ता भरतो. लोकलमधून एवढी माणसं गेल्याचं तिथे कोणाला जाणवतही नाही. बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा अकराशे-बाराशेच्या घरात आणि ऐन गर्दीत उभे प्रवासी चौरस मीटरला १४ ते १६. शंभरातला एक कमी झाला तरी चौरस मीटरमागे पूर्ण एक माणूसही कमी होत नाही.

मग लोकलच्या फेऱ्या का वाढवत नाहीत, हा प्रश्न ओघाने येतो. मध्य रेल्वेवर लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच भागातून जातात. ठाणे–दिवा पाचवा-सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यावर त्या पट्ट्यात थोडी मोकळीक मिळाली, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत जागाच अडलेली आहे. दिव्याचं फाटक रस्त्यासाठी उघडलं की लोकल थांबतात, आणि एक लोकल तीन मिनिटं थांबली की मागच्या सगळ्यांना ती तीन मिनिटं भोवतात. शेवटच्या स्थानकात गाडी उलटी फिरवायला फलाट लागतो, तेही मोजकेच आहेत. लवकर होण्यासारखा उपाय म्हणजे बाराऐवजी पंधरा डबे. त्याने त्याच वेळापत्रकात पंचवीस टक्के जागा वाढते. फलाट लांब करण्याची कामं रेंगाळता कामा नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रवासी संघटनांनी ही मागणी सोडू नये.

प्रश्न : पावसात लोकल बंद पडते म्हणून जून ते सप्टेंबर गाडीच नेतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : चार महिने सरसकट नको. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की लोकल आणि रस्ते दोन्ही बंद पडतात, कारण पाणी समुद्रात जायची वाट बंद होते. कुर्ला, सायन, माटुंग्याला रूळ बुडतात, तेव्हाच हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवेलाही पाणी असतं. फरक एवढाच की लोकल बंद पडली तर तुम्ही चालत निघू शकता, गाडी मात्र सोडून जाववत नाही.

सकाळी सहाला दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ व उंची. साडेचार मीटरहून उंच भरती तुमच्या प्रवासाच्या वेळेत येत असेल आणि रात्रभर पाऊस झाला असेल, तर भरतीच्या दोन तास आधी पोचा किंवा घरूनच काम करा. यात्री किंवा एम-इंडिकेटर या अॅपवर गाड्या कुठे आहेत ते दिसतं. अर्ध्या तासात एकही गाडी ठाण्याच्या पुढे सरकलेली दिसत नसेल तर स्टेशनला जाऊच नका. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉकची वेळही आदल्या दिवशी पाहून ठेवा.

लोकल दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर लगेच उडी मारू नका. डब्याचा तळ खडीपासून छातीइतका उंच असतो, पाय मुरगळतो, आणि शेजारच्या मार्गावर गाडी चालू असू शकते. रेल्वेचे कर्मचारी सांगतील तेव्हाच, सांगतील त्याच बाजूने उतरा.

गाडीत असाल तर पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसताच मागे फिरा. पुढची मोठी गाडी गेली म्हणजे आपलीही जाईल असं नाही, तिचं हवा ओढायचं तोंड उंचावर असतं. पाण्यात शिरलातच तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, न थांबता चला. गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत होणारं काम लाखावर जातं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पाणी दाराला लागलं की आधी काचा खाली करा, कारण नंतर विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपं दगा देतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा, डिकीत नको. आणि मारायची तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून बाहेर पडायला वाट होत नाही.